तडा, भेग की भंग?

घन पदार्थ कसे तुटतात याच्या संगणकीय प्रारूपांवर मराठीत लेख लिहितो आहे. 'क्रॅक' आणि 'फ्रॅक्चर' या दोन्हींसाठी सगळीकडे 'भेग'च दिसते. 'टफनेस'ला कुणी कणखरपणा म्हणतं, कुणी मजबुती. नेमकं काय वापरावं?

प्रतिसाद:
क्रॅकला तडा, फ्रॅक्चरला भंग. तडा ही वस्तूत दाखवता येणारी गोष्ट आहे, त्याला लांबी असते, टोक असतं. भंग ही घटना. अस्थिभंग आपण रोज म्हणतोच, त्यामुळे फ्रॅक्चर मेकॅनिक्सला 'भंग-यामिकी' म्हटलं तर कुणाला खटकू नये. भेगा बहुधा अनेकवचनी येतात, सुकल्याने किंवा आकसल्याने पडतात आणि त्यांची रुंदी डोळ्यांत भरते. शिवाय तडा 'जातो', भेग 'पडते'. तडा कुठल्या दिशेने जाईल, हेच तर या प्रारूपांना शोधायचं असतं.

प्रतिसाद:
'तडा जातो'मधलं जाणं म्हणजे पुढे सरकणं नव्हे; तडा पडला असंही म्हणतात. त्यावर फार भार टाकू नका. शब्द मात्र तडाच घ्या, कारण सगळं गणित त्याच्या टोकापाशी आहे. इंग्लिस यांनी 1913 मध्ये दाखवलं की ताणलेल्या पत्र्यातल्या लंबवर्तुळाकार भोकाच्या टोकाशी प्रतिबल (स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचं बल) 1 + 2a/b पट होतं. a ही ताणाला आडवी अर्धी लांबी, b अर्धी रुंदी. गोल भोकाला 3 पट, रुंदीच्या दहापट लांब भोकाला 21 पट. रुंदी शून्य केली, म्हणजे खरा तडा घेतला, की उत्तर अनंत! म्हणूनच संगणकात वस्तूचे छोटे घटक पाडणारी जाळी जितकी बारीक करावी तितका टोकाजवळचा आकडा वाढतच जातो आणि 'प्रतिबल अमुक झालं की तुटेल' हा नियम तिथे कुचकामी ठरतो. ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला: तडा वाढल्याने जी ऊर्जा मोकळी होते, ती नवे पृष्ठभाग तयार करायला पुरली तरच तो वाढतो.

टफनेसला चिवटपणा म्हणा, मजबुती अजिबात नको. मजबुती म्हणजे किती प्रतिबल सोसतो, चिवटपणा म्हणजे तड्याला किती अडवतो. काचेचा ताजा, निर्दोष धागा भलताच मजबूत असतो, पण चिवट नसतो. एक ओरखडा त्याला पुरतो. हा फरक पुसला गेला तर वाचकाला विषयच कळणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
चिवटपणा पटला, तडाही. पण फेज-फील्ड पद्धतीत तड्याची रेषा नसतेच. 0 ते 1 असा आकडा पदार्थभर पसरलेला असतो, 0 म्हणजे अखंड, 1 म्हणजे पूर्ण तुटलेला. त्याला काय म्हणू?

प्रतिसाद:
त्या आकड्याला क्षती म्हणा. पद्धतीला 'पसरट तडा' शोभेल, कारण रेषेच्या जागी अरुंद पट्टा येतो आणि फाटे फुटले तरी टोकाचा वेगळा माग ठेवावा लागत नाही. एक्स-एफईएम (विस्तारित सांत-घटक पद्धत) या दुसऱ्या पद्धतीत तडा जाळीच्या घटकांना चिरत जातो, तिथे 'रेखीव तडा' लिहा. भेगा मात्र काँक्रीटसाठी राखून ठेवा. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांच्या 1976 च्या प्रारूपात तड्याच्या पुढे असा टापू धरलेला आहे जिथे पदार्थ तुटू लागलाय, तरी थोडा ताण अजून पेलतोय. तिथे 'सूक्ष्मभेगा' चपखल बसतं, आणि त्या जुळून ताण पेलेनासा झाला की तडा.