मदत हवी आहे: २८.६ इंची बेस गिटारचा खर्ज सैल वाटतो, तो लांबी आखूड म्हणून की बांधणी स्वस्त म्हणून?

नमस्कार,

मी ३४ इंची स्केलची (स्केल म्हणजे डोक्याकडची खाचांची पट्टी, नट, ते धडावरचा तारांचा आधार, ब्रिज, इथपर्यंतची तारेची लांबी) चार तारांची बेस गिटार वाजवते आणि तिच्याहून बरीच आखूड बेस घ्यावी का, या विचारात आहे. आखूड म्हणजे ३० इंची नव्हे. त्या मापाच्या वाद्यांबद्दल आता कोणी शंका घेऊ नये. पॉल मॅकार्टनी यांची हॉफ्नर ५००/१, जॅक ब्रूस यांची गिब्सन ईबी-३ आणि फेंडरने १९६६ मध्ये आणलेली मस्टँग बेस ही सगळी ३० इंचांच्या आसपासचीच आहेत, आणि स्टॅनली क्लार्क आखूड स्केलच्या अलेम्बिकवर जे वाजवतात ते ऐकल्यावर ‘आखूड म्हणजे नवशिक्यांचे’ हे म्हणणे टिकत नाही. माझा प्रश्न त्याही खालच्या पायरीचा, म्हणजे आयबानेझ मिक्रो किंवा जॅक्सन मिनियन यांसारख्या २८.६ इंची वाद्यांचा आहे. काला यू-बेससारखी २० ते २१ इंचांची, पॉलियुरेथेनच्या जाड तारांची आणि पिएझो पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) वाद्ये मी मुद्दाम बाजूला ठेवत आहे; त्यांचे गोत्रच वेगळे.

मोह का पडतो, ते आधी सांगते. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्टीपासून, चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १३० मिलिमीटर भरते, तर २८.६ इंचीवर तेच १०९ मिलिमीटरच्या आसपास येते. हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण प्रत्येक फ्रेटला एक बोट ठेवून वाजवताना करंगळी ताणावी लागते की आपोआप पडते, हे त्या दोन सेंटिमीटरवरच ठरते. शिवाय नट ब्रिजच्या दिशेने साडेपाच इंचांच्या आसपास जवळ येत असल्यामुळे डावा हात अंगापासून कमी लांब जातो, खांद्यावरचा भार हलका होतो आणि गाताना मान वाकडी करून फ्रेटबोर्डकडे पाहावे लागत नाही. मी गाता गाता वाजवते, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी सर्वांत मोठा आहे.

आता अडचण. अशा दोन वेगवेगळ्या वाद्यांवर हात फिरवून पाहिला तेव्हा डी आणि जी या तारा मला मनापासून आवडल्या. त्यांना एक भरदार गोलाई होती, जी माझ्या लांब बेसवर सापडत नाही. ई या सर्वांत जाड, सर्वांत खालच्या सुराच्या तारेने मात्र दोन्हीकडे निराशा केली. मोकळी ई जोराने छेडली की ट्यूनरचा काटा आधी तीव्र बाजूला झेपावे आणि मग हळूहळू मागे येऊन स्थिरावे. हलक्या हाताने छेडली तर सूर ठीक, पण नाद इतका बोथट की कोणता स्वर वाजला ते कळण्याआधीच पुढचा ठोका यावा. एका वाद्यावर ई तारेचे सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) पार मागे सरकवलेले होते, त्यामागची स्प्रिंग पूर्ण दबली होती, आणि तरीही बाराव्या फ्रेटवरचा स्वर किंचित चढाच होता.

यामागचे गणित मला ठाऊक आहे. तीच तार त्याच स्वराला लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ३४ वरून २८.६ वर आल्यास ताण सुमारे २९ टक्क्यांनी घटतो; ३० इंचांवर ही घट २२ टक्क्यांची असते. म्हणून तार सैल लागते, जास्त रुंद हेलकावते, फ्रेटवर खडखडते आणि बोटाने जरा जास्त दाबली तरी सूर चढतो. पण ही वाद्ये बहुतेक वेळा मुलांसाठी किंवा प्रवासासाठी म्हणून बनवली जातात, त्यामुळे त्यांचे पिकअप, ब्रिज आणि कारखान्यातून आलेल्या तारा यथातथाच असतात. तेव्हा मी जे ऐकले त्यातला लांबीचा दोष किती आणि काटकसरीचा किती, हे वेगळे कसे करावे? लांबीचाच दोष असेल तर मी ३० इंचांवर थांबेन. काटकसरीचा असेल तर तारा, पिकअप आणि ब्रिज बदलण्याची माझी तयारी आहे.

मंद्रसप्तक यांचा प्रतिसाद:

आपला प्रश्न नेमका आहे आणि सुदैवाने त्याची परीक्षा आपल्या हातातल्याच वाद्यावर करता येते. ३४ इंची बेसच्या तिसऱ्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंतची लांबी मोजा. ती जवळजवळ तंतोतंत २८.६ इंच भरेल. म्हणून चारही तारा तीन अर्धस्वर खाली उतरवा, म्हणजे ई ची सी शार्प, ए ची एफ शार्प, डी ची बी आणि जी ची ई करा, आणि तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. आता आपल्याकडे नेहमीच्या सुरातली २८.६ इंची बेस आहे, तीही आपल्या विश्वासाच्या ब्रिजची, पिकअपची आणि तारांची. बोटांमधले अंतर आणि तारेचा ताण अगदी खराखुरा तसाच मिळेल. ताण कमी झाल्याने नेक थोडी मागे जाऊन खडखड वाढेल, तिच्यासाठी सॅडल किंचित उंच करावी. हाताची पोहोच मात्र या प्रयोगातून कळणार नाही, कारण नेक लांबच राहते.

या अवस्थेतही ई तार तशीच बोथट वाटली, तर दोष लांबीचा समजावा. फक्त एक सांगून ठेवतो: पिकअप ब्रिजपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून तार आखूड केली की तो पिकअप तारेच्या मध्याकडे सरकल्यासारखा होतो आणि नाद आणखी गडद होतो, म्हणून कान लावताना थोडे ब्रिजजवळ छेडून पाहावे.

जाडी_तार यांचा प्रतिसाद:

तारांच्या बाबतीत लोक सरसकट ‘जाड लावा’ असा सल्ला देतात, तो अर्धाच खरा आहे. ०.१०५ इंच जाडीच्या ई तारेला ३४ इंचांवर जो ताण मिळतो तो २८.६ इंचांवर हवा असेल तर हिशोबाने ०.१२५ च्या आसपासची तार लागेल. तेवढी जाड तार आखूड लांबीवर सळईसारखी वागू लागते: तिची वरची हार्मोनिक (उपस्वर) मूळ स्वराशी नीट जुळत नाहीत, नाद आणखी मंद होतो आणि सॅडलसाठी मागे आणखी जागा मागते, जी आपल्याला दिसल्याप्रमाणे आधीच संपलेली असते. शिवाय नटची खाच रुंद करावी लागते आणि ती एकदा कानसली की पुन्हा अरुंद होत नाही. माझ्या मते ०.११० च्या पुढे जाऊ नये, आणि तार ब्रिजकडे निमुळती होणारी मिळाली तर तीच घ्यावी, कारण सॅडलवर पातळ भाग आल्याने सूर पुष्कळ सुधारतो. माझ्या कानाला फ्लॅटवाउंड (सपाट वेष्टनाच्या) तारा या लांबीवर अधिक शोभतात, पण ज्यांना अंगठ्याने तारा ठोकून केलेले चकचकीत वादन हवे त्यांनी इकडे वळूच नये.

तारांचा संच घेण्याआधी तारेच्या टोकाची गोळी जिथे अडकते तिथपासून नटपर्यंतचे अंतर मोजावे. लांब स्केलचा संच लावल्यास जाड वेष्टन थेट खुंटीवर गुंडाळले जाते आणि तिथे ते तुटते किंवा सैल होते. तार कापायचीच असेल तर आधी काटकोनात वाकवून मगच कापावी, नाहीतर वेष्टन आतून सुटत जाते.

तीन_बोटे यांचा प्रतिसाद:

थोडा विरुद्ध सूर लावतो. आपली मुख्य तक्रार करंगळीच्या ताणाची असेल तर नवे वाद्य घेण्याआधी खालच्या चार-पाच फ्रेटवर पहिले, दुसरे आणि चौथे बोट एवढ्यांनीच वाजवून पाहावे. डबल बेसचे वादक जवळपास ४२ इंचांच्या तारेवर हेच करतात आणि तीन फ्रेटच्या टप्प्यात हात सरकवत राहतात. गाताना हात सरकवणे जड जाते, हे मान्य. तरीही ते महाग पडत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:

सर्वांचे आभार. कॅपोचा प्रयोग केला. डी आणि जी इथेही गोड लागल्या, म्हणजे ती गोलाई लांबीचीच देणगी आहे. ई तार छोट्या वाद्यांवर ऐकली होती तितकी वाईट नाही. स्वर ओळखू येतो, पण जोराने छेडल्यावर काटा अजूनही चढतोच. तीन बोटांनी खालचे फ्रेट वाजवणे जमते, पण गाणे सुरू झाले की लय अडखळते. त्यामुळे दोन पर्याय उरले आहेत: ३० इंची घेणे, किंवा २८.६ इंची घेऊन हलक्या हाताने वाजवायची सवय लावणे. दुसऱ्याकडे मन ओढते, पण मागे संपलेल्या त्या सॅडलचे काय करावे?

जाडी_तार:

सॅडलमागची स्प्रिंग काढून टाकावी किंवा अर्धी कापावी. तारेचा ताण सॅडलला जागेवर धरून ठेवतो आणि मागे काही मिलिमीटर जागा मोकळी होते. त्याआधी तार नवी आहे ना हे पाहावे, कारण जुन्या, मळलेल्या तारेचे इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणे) कोणत्याही सॅडलवर जुळत नाही. एवढे करूनही बारावा फ्रेट चढा राहिला तर दुकानात ते वाद्य तिथेच परत ठेवावे. ब्रिज चुकीच्या जागी बसवलेला असण्याचा संभव जास्त.

मंद्रसप्तक:

निर्णयाआधी हाच प्रयोग दोन अर्धस्वर उतरवून आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावूनही करावा. तिथे लांबी ३०.३ इंच येते, म्हणजे दोन्ही पर्याय एकाच वाद्यावर, त्याच तारांनिशी, एकामागोमाग ऐकता येतील. प्रत्येक वेळी गाऊनही पाहावे.