टॅग-२४ भुईमुगाच्या शेंगा खायच्या का नाई?

प्रश्न (कारंजा तालुका): उन्हाळीले दरसाल टॅग-२४ पेरतो. आता जावई म्हणे, हे अणुवाल्यांनी किरणं देऊन बनवलं. मायनं शेंगा उकडणंच बंद केलं ना बाप्पा!

उत्तर (अकोला): काका, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र अन् आपलं अकोल्याचं विद्यापीठ, दोघांचं वाण हाय. किरणं देल्ली त्याच्या पूर्वजाले. त्यातली बदललेली झाडं निवडून मंग संकर केला. तुमच्या पोत्यातल्या दाण्यावर किरण पडलंच नाई. अन् पडलं असतं तरी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणानं दाणा किरणोत्सारी होत नाई. त्याले न्यूट्रॉन, म्हंजे अणूच्या गाभ्यातले कण, लागते. अणुभट्टीत साध्या कोबाल्ट-५९ चा किरणोत्सारी कोबाल्ट-६० होते तो न्यूट्रॉननंच.

दुसरं उत्तर: भेव बुरशीचं धरा. ओल्या शेंगांचा ढीग लावला का अफ्लाटॉक्सिन, म्हंजे बुरशीचं विष, तयार होते, थे लिव्हर खाते.

प्रश्नकर्ता: मायले वाचून दाखवलं. काळे दाणे थे निवडतेच, म्हणे जावयाले निवडाले बसवा.