बेलफळ जंतू मारत नाही, म्हणून निकामी?

येऊरकर: परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका डॉक्टरांनी ठणकावलं, ‘बेलफळ, कुड्याच्या झाडाची साल जंतू मारत नाहीत, जुलाबावर उपयोग शून्य.’ मला पटलं नाही. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने कच्च्या बेलफळाचा काढा तपासला, 2009 मध्ये निबंध आला. तपासलेले जिवाणू काढ्याने मेले नाहीतच, पण त्यांचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं बरंच कमी झालं. कॉलऱ्याच्या विषावरही परिणाम दिसला. नुसतं ‘मेले का?’ एवढंच विचारलं असतं, तर बेल तिथेच नापास!

कळव्याची_आई: पेशी प्रयोगशाळेच्या बशीतल्या होत्या हो, कुणाच्या पोटातल्या नव्हेत. माझ्या लेकाला अडीच वर्षांचा असताना जुलाब लागले, सासूबाईंनी मुरुडशेंग उगाळून चाटवली. दुपारी जीभ कोरडी, डोळे खोल, सकाळपासून शू नाही. सलाईनच लावावं लागलं. मुरुडशेंगेने वाईट काही केलं नसेल, पण ‘औषध दिलंय’ म्हणून पाणी पाजायचं राहिलं.

जुना_वैद्य: चरकसंहितेपासून माणसांवरच चाचणी चालू आहे. आणखी काय हवं?

कळव्याची_आई: त्याच काळात पटकीने गावंच्या गावं ओस पडली, तीही मोजा.

येऊरकर: ओआरएस विरुद्ध बेल असं म्हणतच नाही मी. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेच्या पाण्याने माणसं वाचवली. पण त्याने पाणी भरून निघतं, जुलाब लगेच थांबत नाहीत. म्हणून चाचणी करा: ओआरएस सगळ्यांनाच द्या, अर्ध्यांना सोबत काढा, अर्ध्यांना तसंच कडू पाणी. दक्षिण अमेरिकेतल्या क्रोटन नावाच्या झाडाच्या चिकापासूनचं जुलाबावरचं औषध अशाच चाचण्यांतून गेलं. 2012 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तीही फक्त एचआयव्हीच्या रुग्णांच्या जुलाबासाठी.

जांभळीनाका: कुड्याची चाचणी करायची तर आधी साल कुठली ते ठरवा. आयुर्वेदातला कुटज म्हणजे पांढरा कुडा. बाजारात त्यात काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळतात. झाडावर शेंगा जोडीने लोंबतात त्या बघा, टोकाला चिकटलेल्या असल्या तर काळा. पांढऱ्याची साल जिभेवर टेकवली की तोंड वाकडं होतं. पुड्यातल्या भुग्यात शेंगा कुठून बघणार? भेसळीची चाचणी करून ‘कुडा नापास’ म्हणायचं?

कळव्याची_आई: करा चाचणी. आधी मोठ्यांवर. माझ्या पोराचं नाव त्या यादीत नको.

येऊरकर: माझं घाला.