दारू एकदम बंद केली तर चालते का?

मोठा भाऊ बरीच वर्षं रोज पितोय, आता म्हणतो उद्यापासून एक थेंबही नाही, घरचे खूश आहेत पण मला धास्ती वाटतेय, घरीच सोडवली तर चालेल ना?

रिप्लाय: अजिबात नको!! रोजची सवय असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भास होणं काहीही होऊ शकतं, जीवही जातो. आधी डॉक्टर गाठा.

रिप्लाय: आणि झोप लागत नाही म्हणून कुणाचीतरी झोपेची गोळी देऊ नका, वर दारू प्यायला तर श्वासच मंदावतो.

रिप्लाय: डब्ल्यूएचओच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात दारूमुळे २६ लाख लोक गेले, ड्रग्जमुळे ६ लाख, तरी लोक घाबरतात फक्त ड्रग्जला, दारू म्हणे सोशल.

ओके, पण तोवर थोडी प्यायला द्यायची का?

रिप्लाय: ते डॉक्टरलाच विचारा, आजच.