राहतं घर पहिल्यांदाच भाड्याने देतोय, काय काय बघून ठेवू?

उंबरठा:
नोकरीसाठी दोनेक वर्षं दुसऱ्या शहरात जातोय. घर विकायचं नाही, परत तिथेच राहायचंय. गृहकर्ज चालू आहे, त्यामुळे भाडं निदान हप्त्याएवढं यावं अशी अपेक्षा. एका खोलीत आमचं सामान ठेवून तिला कुलूप लावायचा विचार आहे. नात्यातलं एक कुटुंब घर मागतंय, त्यांनाच देऊन टाकावं का? भाडेकरू पारखायचा कसा हेही सांगा.

कडीकोयंडा:
आधी भाड्याचं बोलू. तुमचा हप्ता किती याच्याशी भाडेकरूला काही देणंघेणं नसतं. आसपास तसंच घर कितीला जातंय, तेवढंच मिळणार. आणि जास्तीसाठी अडून बसण्याआधी गणित करा: घर एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8.33 टक्के गेले. म्हणजे 5 टक्के जास्त मिळावेत म्हणून महिनाभर थांबलात, तर त्या वर्षी तोटाच.

आता सामान. ज्या वस्तूला ओरखडा पडल्यावर तुमची झोप उडेल, ती त्या घरात ठेवूच नका. भाडेकरू वाईट असतो म्हणून नव्हे, तो तिथे राहणार असतो म्हणून. भिंतीला खिळा ठोकला जाईल, ओट्यावर डाग पडेल. मनाने आधी घर सोडा, मग किल्ली द्या. कुलूपबंद खोली मला तरी पसंत नाही. भाडं कमी होतं, आणि त्या खोलीत गळती झाली तर कोणाला पत्ताच लागत नाही. ठेवायचीच असेल तर करारात स्पष्ट लिहा.

वहीखातं:
जाहिरात देण्याआधी दोन पत्रं पाठवा. एक कर्ज देणाऱ्या बँकेला, कारण स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या कर्जात भाड्याने देण्याआधी परवानगीची अट असू शकते. दुसरं विमा कंपनीला. मालक राहतो असं गृहीत धरून दिलेला विमा भाडेकरू आल्यावर दावा नाकारू शकतो. भाडेकरूच्या सामानाला तुमचा विमा सहसा लागू होत नाही, हेही त्याला सांगून ठेवा.

आणि कर! भाडं सगळंच्या सगळं हप्त्यात गेलं तरी ते उत्पन्नच असतं. दुरुस्तीची प्रत्येक पावती जपा.

तिसरा मजला:
भाडेकरूच्या आत्ताच्या घरमालकाला फोन करून फार उपयोग नाही. त्याला ब्याद घालवायची असेल तर तो गोडच बोलणार. त्याच्या आधीच्या मालकाला विचारा: भाडं वेळेवर यायचं का, आणि पुन्हा द्याल का? दुसऱ्या प्रश्नावर माणूस किती अडखळतो ते ऐका. भाडं उत्पन्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसावं. बाकी आडनाव, धर्म, लग्न झालंय की नाही या चौकशांनी भाडं वेळेवर येत नाही.

उंबरठा:
आभार. खोलीचा विचार सोडला, सामान हलवतो. नात्यातल्या कुटुंबाचं काय?

तिसरा मजला:
भाडं थकलं तर नोटीस पाठवू शकाल का? नसाल, तर देऊ नका.

कडीकोयंडा:
इतकं टोकाचंही नाही हो. आमच्याकडे नात्यातलेच राहताहेत, छान चाललंय. पण करार अगदी परक्याशी करावा तसा केलाय, अनामत रक्कमही घेतली. त्यांनाही तेच बरं वाटलं.

वहीखातं:
अनामतीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूला सोबत घेऊन घरभर व्हिडिओ काढा: कपाटांच्या आतून, नळ सोडून, छताचे कोपरे, मीटरचे आकडे. सामानाच्या यादीवर दोघांच्या सह्या. रंग फिका पडणं ही झीज, फरशी फुटणं हे नुकसान. झिजेचे पैसे कापायचे नसतात. नुकसानीतही वस्तूचं वय धरा. रंग पाच वर्षं टिकतो असं मानलं आणि चार वर्षांनी भाडेकरूने भिंत खराब केली, तर त्याच्याकडून खर्चाचा पाचवा हिस्सा मागणं रास्त. पूर्ण घराचा नवा रंग त्याच्या पैशाने काढू पाहणारे मालक असतात, त्यांच्यात जाऊ नका.

उंबरठा:
मी तिथे नसणार. गळती वगैरे झाली तर?

तिसरा मजला:
पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे ते पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवा. जवळ राहणारं एखादं विश्वासाचं माणूस आणि ओळखीचा प्लंबर, दोघांचे नंबर देऊन ठेवा. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूने न विचारता करून भाड्यातून वळती करावी, असं करारात लिहिलंत तर रात्री-अपरात्री फोन येत नाहीत. एजंट ठेवणार असाल तर नीट विचारून घ्या. भाडेकरू शोधून देणं वेगळं आणि नंतर घर सांभाळणं वेगळं, दोन्हींची फी वेगळी.

कडीकोयंडा:
एक राहिलं. तुम्हाला परत यायचंय ना? मग मुदत आणि नोटिशीचा काळ त्या हिशेबाने ठरवा आणि भाडेकरूला आत्ताच सांगा. मुलांची शाळा बघून घर शोधणारे असतील तर त्यांना हे आधी कळायला हवं. आणि मुदत संपली म्हणून स्वतः कुलूप बदलायला जाऊ नका. घर रिकामं करून घ्यायची कायदेशीर पद्धत तिथल्या वकिलाकडून करार करतानाच समजून घ्या.

उंबरठा:
बँकेला आणि विम्याला आजच लिहितो. नात्यातल्यांना कराराचा मसुदा पाठवतो, अटी पटल्या तर त्यांनाच.