‘गोएल’ म्हणजे जवळचा नातलग

बायबलमध्ये दुःखाने पिचलेला ईयोब म्हणतो, माझा उद्धारक जिवंत आहे (ईयोब 19:25). हा उद्धारक म्हणजे मेल्यानंतरचा दिलासा, असं काही जण म्हणतात. पण ‘उद्धारक’साठी मूळ हिब्रू शब्द आहे ‘गोएल’, आणि गोएल म्हणजे सोडवायला येणारा सख्खा नातलग. भावाला विकावी लागलेली जमीन तो सोडवतो (लेवीय 25:25), गुलामीत गेलेल्याला मोल भरून परत आणतो (25:48). बायबलमधल्या रूथ या विधवेसाठी तिच्या सासरच्या नातलगाने, बवाजाने, हेच केलं. त्याच्याआधीच्या हक्कदाराने वेशीपाशी पायतण काढून दिलं आणि हक्क सोडला.

ईयोबाचे भाऊबंद दुरावलेत, चाकर हाकेला ओ देत नाही, बायकोला त्याचा श्वासही नकोसा झालाय (19:13-17). सोडवणारं माणूसच उरलेलं नाही, आणि तेव्हा तो म्हणतो, माझा गोएल जिवंत आहे!

म्हणून आजाऱ्याच्या उशाशी एकटं 25वं वचन वाचू नका, 13पासून वाचा. नाहीतर त्याचं दुखणं झाकल्यासारखं होतं. त्याआधी गप्प बसा. ईयोबाचे मित्र 7 दिवस 7 रात्री न बोलता जमिनीवर बसले (2:13), तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले ते त्याचं पाप शोधू लागले, आणि 42:7 मध्ये देवाचा राग त्यांच्यावरच भडकला.