मदत हवी आहे: पन्ना शेलच्या कटिंग्जमध्ये एस१ जास्त, टीमॅक्स कमी

मुंबई ऑफशोअरच्या एका विहिरीतल्या पन्ना शेलचे कटिंग्ज (ड्रिलिंगमध्ये वर आलेले खडकाचे तुकडे) रॉक-इव्हलवर (नमुना तापवून त्यातलं सेंद्रिय द्रव्य मोजणारं यंत्र) लावले. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) २.१ टक्के, एस१ (मोकळं तेल) ४.८, एस२ (तापवल्यावर नव्याने तयार होणारं तेल-वायू) ६.३ मिलिग्रॅम प्रतिग्रॅम, टीमॅक्स (एस२चं शिखर येतं ते तापमान) ४२१ अंश. त्याच खोलीवर व्हिट्रिनाइट रिफ्लेक्टन्स (खडक किती पक्व झालाय याचं माप) ०.६५, म्हणजे टीमॅक्स ४३४च्या आसपास हवा. मड (ड्रिलिंगचा द्रव) तेलाधारित होता. नमुने साबणाच्या पाण्याने धुऊन ४० अंशांवर वाळवलेत. एचआय (हायड्रोजन इंडेक्स, एस२ भागिले टीओसी गुणिले १००) ३०० धरून उगमखडक (तेल तयार करणारा खडक) चांगला म्हणावा का?

गाळखडक: नका धरू. एस१ भागिले टीओसी करा: ग्रॅमभर कार्बनमागे २२९ मिलिग्रॅम मोकळं तेल! पीआय (एस१ भागिले एस१ अधिक एस२) ०.४३ येतो, ०.६५ रिफ्लेक्टन्सला तो ०.१च्या आसपास शोभतो. हे तेल बाहेरचं आहे. साबणाने वरवरचं निघतं, भेगांत मुरलेलं नाही.

पण नुसतं मडमधलं बेस ऑइल टीमॅक्स १३ अंशांनी खाली ओढत नाही, कारण ते बहुतेक ३०० अंशांच्या पहिल्या ३ मिनिटांत एस१मध्येच निघून जातं. एस२चा आलेख उघडून बघा. शिखराच्या डावीकडे खांदा दिसला तर जड बिटुमेन (डांबरासारखं द्रव्य) किंवा मडमध्ये घातलेलं गिल्सोनाइट (नैसर्गिक डांबर). मड रिपोर्टमध्ये ते नोंदलेलं असतं.

शेलवाला: सहमत. कटिंग्जची पूड सॉक्सलेटमध्ये (उकळत्या सॉल्व्हंटने नमुना पुन्हा पुन्हा धुणारं काचेचं उपकरण) घाला, डायक्लोरोमीथेन आणि मिथेनॉल ९३:७, किमान २४ तास, सायफनमधलं द्रावण पाण्यासारखं दिसेपर्यंत. मग फ्यूम हूडमध्ये सॉल्व्हंटचा वास पूर्ण जाऊ द्या. राहिलेलं सॉल्व्हंट एस१मध्ये दिसतं. मग ६० मिलिग्रॅम परत लावा.

धागाकर्ता: सॉक्सलेट लावला, पण रात्रीतून फ्लास्क कोरडा पडला.

शेलवाला: कंडेन्सरला नळाचं पाणी असेल. डायक्लोरोमीथेन ४० अंशांना उकळतं आणि मे महिन्यात मुंबईत टाकीचं पाणीच कोमट असतं, वाफ धरलीच जात नाही. चिलर लावून पाणी १० अंशांवर ठेवा. कोरडा फ्लास्क तापत ठेवणं धोक्याचं, रात्रभर सोडून जाऊ नका.

गाळखडक: नंतर एचआय काढताना एस२ आणि टीओसी दोन्ही धुतलेल्या पुडीचेच घ्या. तेलात साधारण ८३ टक्के कार्बन, त्यामुळे नुसता एस१ गेला तरी टीओसी ०.४ने उतरून १.७ होईल. सरमिसळ केली की एचआय फसवा येतो. आणि एवढं करूनही टीमॅक्स ४२१लाच राहिला, तर वरच्या थरांतून ढासळून आलेले तुकडे मिसळलेत का ते बघा. सूक्ष्मदर्शकाखाली शेलचे तुकडे हाताने वेचून पुन्हा लावा.